‘का गेला?’ च्या पुढचा प्रश्न

यवतमाळात साहित्य संमेलन दोनदा भरलं. १९७३ मध्ये गदिमा अध्यक्ष होते, २०१९ मध्ये अरुणा ढेरे. दुसऱ्या वेळी उद्घाटक नयनतारा सहगल यांचं निमंत्रणच मागे घेतलं गेलं (वाईटच झालं ते). मग ११ जानेवारीला उद्घाटन केलं राजूरच्या वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी. श्याम पेठकरांच्या ‘तेरवं’ नाटकात, हरीश इथापेंच्या दिग्दर्शनाखाली, त्या काम करायच्या.

अशी बाई समोर आली की आपण विचारतो, नवरा का गेला? त्या बोलल्या, ते मागं राहिलेल्या बाईच्या जगण्यावर. तेव्हापासून मुलाखतीला बसलो की मी आधी विचारतो, ‘ताई, सध्या कसं चाललंय?’ मग बाया तासन्‌तास बोलतात. पेरणीचं, पोरांच्या फीचं, सासरच्यांचं.