संकेतस्थळाची लेखणी कोणाच्या हाती?

माहिती अधिकाराचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अमलात आला. त्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक कार्यालयाने आपली कार्ये, अधिकाऱ्यांची कर्तव्ये, वेतन इत्यादी माहिती आपणहून प्रसिद्ध करायची आणि दरवर्षी अद्ययावत ठेवायची होती. प्रसिद्ध करणे एकवेळ जमले, अद्ययावत ठेवणे मात्र जमेना.

याचे एक कारण तांत्रिक होते. तेव्हाची बरीच सरकारी संकेतस्थळे सुट्या एचटीएमएल पानांची असत. एक नाव बदलायचे तरी तंत्रज्ञाला पत्र लिहावे लागे. एका कार्यालयात मी पाहिले, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले साहेब संकेतस्थळावर अजून रुजूच होते, आणि लोक त्यांच्याच नावे अर्ज धाडीत होते!

कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिममध्ये मजकूर आणि मांडणी वेगळी राहते. लिपिकाने मजकूर भरावा, अधिकाऱ्याने तपासून प्रसिद्ध करावा. आपल्या नस्तीवरची टिपणी याच वाटेने वर जाते, त्यामुळे ही पद्धत प्रशासनाला परकी नव्हतीच.

निवड मात्र सोपी नव्हती. द्रुपल २००१ मध्ये, वर्डप्रेस २००३ मध्ये आणि जूमला २००५ मध्ये आले, तिन्ही मुक्तस्रोत. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेच्या व्हाइट हाउसने द्रुपल स्वीकारले, तेव्हा सरकारी वर्तुळात त्याची पत वाढली. आपल्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने अमेरिकी शासनासोबत खुल्या विदेसाठी जे व्यासपीठ घडवले, तेही द्रुपलवरच. २०१२ मध्ये सुरू झालेले डेटा डॉट गव्ह डॉट इन त्यावर उभे राहिले. २०१५ मध्ये तर मुक्तस्रोताला प्राधान्य देणे हे केंद्राचे जाहीर धोरण झाले. धोरण योग्यच होते. पण 'मुक्त' म्हणजे 'फुकट' असा अर्थ आपण सोयीने लावला. निवडीच्या टिपणीत परवान्याचा खर्च शून्य असे ठळकपणे लिहिले जाई. पुढे देखभाल कोण करणार, हा रकाना बहुधा नसेच.

त्याची किंमत काय, हे १५ ऑक्टोबर २०१४ रोजी कळले. द्रुपल ७ मधील एक गंभीर त्रुटी त्या दिवशी जाहीर झाली. सात तासांत दुरुस्ती न बसवलेले प्रत्येक संकेतस्थळ घुसखोरांच्या हाती गेले असेच समजावे, असा इशारा द्रुपलच्या सुरक्षा पथकाने दोन आठवड्यांनी दिला. सात तासांत आपल्याकडे नस्ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात नाही.

व्हाइट हाउसने डिसेंबर २०१७ मध्ये वर्डप्रेस घेतले. द्रुपल ७ ची अधिकृत देखभाल ५ जानेवारी २०२५ रोजी थांबली. त्यावर उभ्या असलेल्या प्रत्येक कार्यालयाला नव्याने निवड करणे भाग पडले, आणि या वेळी टिपणीत देखभालीचा रकाना घालायचा की नाही, हे त्या टिपणीवर सही करणाऱ्याच्या हाती होते.