वाळूतला केक

आमच्या घरी एक जुनी वही आहे. लाल कापडी बांधणीची, वाण्याच्या दुकानात उधारीसाठी असते तसली. आई गेल्यानंतर तिच्या ट्रंकेत ती सापडली. वर काही नाव नाही, आत हिशेब नाही, ओव्याही नाहीत. आहेत ते फक्त केक. दर साली एक पान, आणि त्यावर आईच्या ठळक, उभ्या अक्षरांत त्या साली काय काय घातले ते लिहिलेले. पहिले पान १९६० सालचे: 'मैदा पाव शेर, साखर पाव शेर, तूप दोन छटाक, दही एक वाटी, सोडा पाऊण चमचा, वेलदोडे. खालून करपला.' तो माझा पहिला वाढदिवस.

चार पाने उलटली की शेर आणि छटाक नाहीसे होतात आणि ग्रॅम येतात. १९५८ ते १९६२ या काळात सरकारने मेट्रिक वजने चालू केली, त्याची खूण आमच्या केकवरही उमटली आहे. इतिहास बखरीत असतो, तसा तो असल्या वह्यांतही असतो. फक्त तो शोधायला कुणी जात नाही. मी सहज वाचायला बसले आणि वाचता वाचता हा केक आमच्या घरात आला कुठून, याच्या मागे लागले.

मुलाचा वाढदिवस ही काही साहेबाची देणगी नव्हे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० साली 'धर्मसिंधु' लिहिला, त्यात वर्धापनाचा विधी सांगितला आहे. जन्मतिथीला अभ्यंगस्नान करावे, कुलदेवतेची आणि जन्मनक्षत्राची पूजा करावी, मार्कंडेयाची करावी, अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, बिभीषण, कृप, परशुराम या चिरंजीवांचे स्मरण करावे, षष्ठीदेवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवावा आणि तीळगूळ घातलेले दूध प्यावे. त्या दिवशी नखे काढू नयेत, भांडू नये, प्रवास करू नये. या देवतांची यादी नीट पाहिली तर ध्यानात येते की सगळे मागणे एकाच गोष्टीचे आहे: आयुष्याचे. मार्कंडेय मृत्यूच्या हातून सुटलेला, बाकीचे मृत्यू नसलेले, आणि षष्ठी, म्हणजे आपली सटवाई, तर लेकरांचीच राखण करणारी. हा विधी सगळ्यांच्या घरी होत असे असे नाही. बहुतेकांकडे पाटावर बसवून औक्षण, सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळणे, आणि गोडाचा शिरा, एवढ्यावर भागे.

केक आला तो मात्र छावणीच्या वाटेने. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, पुढे पेशवाई बुडाली, आणि पुण्याच्या कडेला व खडकीला इंग्रजांच्या छावण्या पडल्या. जिथे गोरी पलटण तिथे पाव, आणि जिथे पाव तिथे भट्टी. आमची विश्रांतवाडी या सगळ्याच्या शेजारची. एका अंगाने आळंदीचा रस्ता, दुसऱ्या अंगाने येरवडा, आणि होळकर पूल ओलांडला की खडकी. ज्ञानोबांची पालखी आमच्या दारावरून पुण्यात जाते आणि खडकीचा लष्करी बिगूल वाऱ्यावर आमच्याकडे येतो. अशा गावात केक आणि धर्मसिंधु एका स्वयंपाकघरात भेटले नसते तरच नवल.

पेठांतल्या माणसांना भट्टीची ओळख होती ती नानकटाईमुळे. नानकटाईचे मूळ सुरतेचे. डचांची भट्टी तिथल्या दोटीवाला या पारशी घराण्याकडे आली आणि त्यातून ही बिस्किटे निघाली, असे सांगतात. पुण्यात रीत अशी की मैदा, रवा, पिठीसाखर आणि तूप घेऊन भट्टीवर जायचे आणि आपल्या डोळ्यांदेखत नानकटाई भाजून डबा भरून आणायचा. डबा आपला, तूप आपले, फक्त विस्तव दुसऱ्याचा. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर १९५५ साली इराणी बंधूंनी कयानी बेकरी काढली आणि तिथल्या मावा केकचा वास कापडचोपड घ्यायला कॅम्पात गेलेल्या पेठेतल्या बायकांच्याही ओळखीचा झाला. पण तो बाहेरून आणायचा, तोही सगळ्यांना चालायचा नाही. कारण अंडे.

माझे वडील खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीला होते. त्यांच्या बरोबरीच्या एका ख्रिस्ती गृहस्थांच्या पत्नी आमच्याकडे येत. त्यांना आम्ही मावशी म्हणत असू. त्या मूळच्या गोव्याच्या. आईला केक शिकवला तो त्यांनी. पण आमच्या घरी आजी होती. ती राजापूरकडची, सोवळ्यातली. तिने एकच अट घातली. "सूनबाई, काय करायचं ते कर, पण माझ्या चुलीवर अंडं फुटायचं नाही."

मावशींना मोठा पेच पडला. अंड्यावाचून केक फुगणार कसा? अंडे फेसले की त्यात हवा कोंडली जाते, भट्टीच्या उष्णतेने ती प्रसरण पावते आणि पीठ वर उचलले जाते. ती हवा दुसरीकडून आणायची तर सोडा हवा, आणि सोड्याला आंबट काहीतरी हवे, म्हणजे दोहोंच्या संगतीने कार्बन डायऑक्साइड वायू निघतो. हाच पेच शंभरावर वर्षांपूर्वी इंग्लंडात एका नवऱ्याला पडला होता, हे मला फार पुढे वाचनात आढळले. बर्मिंगहॅमचा आल्फ्रेड बर्ड हा औषधविक्रेता. त्याच्या बायकोला अंडी सोसत नसत आणि यीस्टही सोसत नसे. तिच्यासाठी त्याने १८३७ साली अंड्यावाचूनची कस्टर्ड पावडर केली आणि १८४३ साली बेकिंग पावडर. बर्डने बायकोच्या प्रकृतीसाठी जे केले, ते माझ्या आईने सासूच्या सोवळ्यासाठी केले. आंबट म्हणून तिने घरचे दही घेतले आणि सोडा अगदी शेवटी घालून लगेच भांडे चढवायचे हे दोन केक बिघडल्यावर ती शिकली. वहीत १९६१ सालच्या पानावर नुसते 'बसला' एवढेच लिहिले आहे.

दुसरा प्रश्न भट्टीचा. आमच्याकडे वातीचा स्टोव्ह आणि कोळशाची शेगडी. मावशींनी युक्ती सांगितली. मुळेच्या पात्रातली वाळू आणून धुऊन वाळवायची, जाड पातेल्यात दोन बोटे पसरायची, ती चांगली तापली की त्यात केकचा डबा ठेवायचा, वर परात झाकायची आणि परातीवर निखारे. वाळू लवकर तापत नाही, पण तापली की धग सगळीकडून सारखी देते, म्हणून तळ करपत नाही. वरचे निखारे नसले तर केक शिजतो, पण वरून पांढरा आणि चिकट राहतो.

आजी हा सगळा खटाटोप ओटीवरून पाहत होती. परातीवर निखारे ठेवलेले पाहिले आणि ती उठून आत आली. म्हणाली, "अगं, हे तर धोंडस!"

ज्यांना कोकण ठाऊक आहे त्यांना धोंडस सांगायला नको. त्यालाच तवसोळी म्हणतात. पिकलेले तवसे किसायचे, तांदळाचा रवा भाजून घ्यायचा, गूळ आणि खोबरे घालायचे, पातेल्याला तूप लावून त्यात हे मिश्रण ओतायचे आणि खाली विस्तव, वर निखारे अशा दुहेरी आचेवर भाजायचे. वडी कापली की आत ओलसर, वर खरपूस. छावणी पडण्यापूर्वीपासून आमच्या बायकांना भाजलेले गोड ठाऊक होते. त्याला भट्टी लागत नव्हती. आजीने त्या दिवशी आईच्या हातातला चिमटा घेतला आणि निखारे मधून काढून कडेला सारले. "मधे धग कमी लागते. कडेनं ठेव, म्हणजे सारखं येतं." वहीत त्या सालच्या पानावर प्रथमच 'उत्तम' हा शब्द आहे. १९६२.

मेणबत्तीचा तंटा राहिला होता. केकवर मेणबत्त्या लावायच्या ही चाल जर्मनीतली. गटे हा कवी १८०१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या वाढदिवसाला गोथा येथे एका राजपुत्राकडे होता. तिथे त्याच्यापुढे पन्नासेक पेटत्या मेणबत्त्यांचा केक आणला गेला, आणि त्या वितळून भडकतात की काय अशी भीती वाटली, असे त्याने लिहून ठेवले आहे. मुलांच्या केकवर पुढच्या वर्षांच्या मेणबत्त्यांना जागा शिल्लक असते, इथे ती नव्हती, अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. म्हणजे मुलांसाठी ही रीत तिकडे त्याआधीच रुळलेली होती.

माझ्या पाचव्या वाढदिवसाला, १९६४ साली, मावशींनी पाच मेणबत्त्या आणल्या. मी गाल फुगवले आणि आजी ओरडली, "फुंकर नको! लेकराच्या हातून दिवा विझवायचा नाही!" खोली एकदम गप्प झाली. मावशींचा चेहरा उतरला. आई दोघींच्या मधे उभी. मग तिने केकवरच्या पाचही मेणबत्त्या एकेक उचलल्या आणि देवघरात समईशेजारी नेऊन लावल्या. "त्या जळू देत त्यांच्या त्यांच्या," ती म्हणाली, "आपण केक कापू." तेव्हापासून आमच्या घरी मेणबत्त्या मोजून लावतात, पण विझवत नाहीत.

आजीचा तो ओरडा त्या वेळी मला फक्त जुनाट वाटला होता. त्याचे कारण मला पुढे आईने सांगितले. माझ्याआधी मला एक भाऊ होता. तो अकरा महिन्यांचा होऊन गेला. त्याचा पहिला वाढदिवस महिन्यावर आला होता. आजीने अंगठी काढून ठेवली होती. म्हणून माझे वर्ष पुरे झाले तेव्हा आईला काहीतरी मोठे, घरात कधी न झालेले असे करायचे होते. १९५१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १४६ मुले वर्षाच्या आत दगावत. २०२० साली हा आकडा २८ वर आला होता. धोंडू, दगडू, केरबा अशी नावे ठेवून नजर चुकवणारी माणसे याच हिशेबातली. ज्या घराने असा एक दिवा विझलेला पाहिला, त्या घरातली म्हातारी फुंकर कशी मारू देईल?

आजीला स्वतःचा वाढदिवस ठाऊक नव्हता. 'पुण्यास प्लेग आला त्या साली, वारीच्या दिवसांत' एवढेच तिला तिच्या आईने सांगितलेले. म्हणजे १८९७ च्या आसपास. तिच्या पिढीत मुलीच्या जन्माची नोंद ठेवणार कोण? मुलगे शाळेत तरी जात, आणि तिथे गुरुजी १ जून ही तारीख टाकून मोकळे होत. त्यामुळे महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेल्यांची केवढी गर्दी आहे! जन्ममृत्यूच्या नोंदणीचा देशभर एकच कायदा झाला तो १९६९ साली. आजीच्या नावे कुठल्याच दप्तरात एक ओळ नव्हती.

१९६७ च्या ज्येष्ठ वद्यात पालखी आळंदीहून निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विश्रांतवाडीत आली. आम्ही सगळे रस्त्यावर होतो. दर्शन घेऊन घरी आलो तर आईने वाळूतला केक करून ठेवलेला. मेणबत्ती एकच, कारण वर्षे पक्की ठाऊक नव्हती. आई म्हणाली, "वारीच्या दिवसांतला जन्म म्हणता ना? मग आजपासून तुमचा वाढदिवस पालखीच्या दिवशी." आजी पाटावर बसायला तयार होईना. सत्तरीची बाई नव्या नवरीसारखी लाजली. शेवटी बसली. आईने औक्षण केले. केकचा पहिला तुकडा आजीने स्वतः खाल्ला नाही. पदराखाली झाकून रस्त्यावर नेला आणि एका वारकरी बाईच्या हातावर ठेवला. "माझा वाढदिवस आहे," तिने त्या अनोळखी बाईला सांगितले. ते सांगतानाचा तिचा आवाज मला अजून ऐकू येतो. वहीत त्या साली दोन पाने आहेत, आणि पुढे ती हयात असेपर्यंत दर साली दोन.

वहीतली पुढची पाने बदलत जातात. दह्याऐवजी डब्यातले आटवलेले दूध येते, शेगडीऐवजी गोल विजेचा ओव्हन येतो, वाळू मात्र कुकरमध्ये टिकून राहते. १९७८ च्या पानावर समासात लिहिले आहे: 'तिथी व तारीख एक.' एकोणीस वर्षांनी चंद्र आणि सूर्य यांचा हिशेब जुळतो आणि जन्मतिथी जन्मतारखेपाशी परत येते. त्या साली औक्षण आणि केक एकाच दिवशी झाले.

आता विश्रांतवाडीच्या चौकात केकची दुकाने झाली आहेत आणि केकवर मुलाचा फोटोही छापून मिळतो. त्याला मी नावे ठेवीत नाही. नोकरी करणाऱ्या सुनेला वाळू तापवायला वेळ कुठून असणार? पण नातीचा केक मी घरी करते. मागच्या वर्षी तिने विचारले, "आजी, सगळ्यांच्या घरी फू करतात, मग आपणच का नाही?" मी तिला वही दिली आणि पहिल्या पानापासून वाचायला लावले. अकरा महिन्यांच्या त्या बाळाचे पान वहीत नाही, तेही सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून तिने आपल्या आठही मेणबत्त्या देवघरात नेल्या, आणि जरा थांबून मला म्हणाली, "एक जास्तीची दे."

वहीत अजून बरीच पाने कोरी आहेत.