ह्यूमसाहेबांची नोकरी आणि जहन्नमचा प्रश्न

आमचं केम हे कुंकवाचं गाव. करमाळा तालुक्यातलं, मुंबई-सोलापूर रेल्वेमार्गावरचं. इथल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांचे हात संध्याकाळपर्यंत लालभडक झालेले असतात. असंच काम आयुष्यभर केलेल्या एक मावशी मागच्या वर्षी वारल्या. त्यांच्या भिंतीला भिंत लागून एक मुस्लिम घर आहे. त्या घरातली मुलगी तेव्हा माझ्याकडे सातवीत होती. तिची आई दवाखान्यात असताना दोन महिने मावशींनीच हिची वेणी घातली, डबा भरला. मावशी गेल्यावर चार दिवसांनी शाळा सुटल्यावर ती मागे थांबली आणि म्हणाली, "सर, मावशी जहन्नम में जाएंगे क्या?"

मी बीएड केलंय. बालमानसशास्त्राचा पेपरही दिलाय. पण या प्रश्नाची तयारी तिथे कुणी करून घेतली नव्हती. "उद्या बोलू बेटा," असं म्हणून मी वेळ मारून नेली आणि घरी येऊन पुस्तकं काढून बसलो. त्या शोधात मला आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला एक अमेरिकन पाद्री भेटला. याच प्रश्नापायी 1886 मध्ये त्याची नोकरी जायची वेळ आली होती. वाचकहो, आज त्याची गोष्ट सांगतो.

सुरुवात थोडी मागून करावी लागेल. 1810 मध्ये अमेरिकेत परदेशी मिशनचं एक मंडळ स्थापन झालं. त्याला अमेरिकन बोर्ड म्हणत. या बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईला उतरले. कंपनी सरकार त्यांना परत पाठवायला निघालं होतं, पण ते टिकले. हॉल मराठी शिकले, शाळा काढल्या, रस्त्यावर उभं राहून प्रवचनं केली. 1818 मध्ये त्यांनी सहकारी न्यूवेल यांच्याबरोबर एक पुस्तिका लिहिली. विषय होता साठ कोटी माणसांचा हक्क. ख्रिस्ताचं नाव न ऐकलेली जगातली माणसं साठ कोटी, असा तो हिशेब. हे सगळे न ऐकताच मेले तर सार्वकालिक नरकात जातील, हे त्या पिढीच्या मिशनऱ्यांनी खरं मानलं होतं. मग घरी स्वस्थ कसं बसायचं? न्यूवेल 1821 मध्ये मुंबईतच कॉलऱ्याने गेले. हॉल 1826 मध्ये नाशिककडच्या फेरीत आजाऱ्यांना औषधं वाटत होते, परतीच्या वाटेवर त्यांनाही कॉलऱ्याने गाठलं.

या लोकांची चेष्टा करणं सोपं आहे. मला ती करवत नाही. शेजाऱ्याच्या घराला आग लागलीय असं ज्याला खरोखर वाटतं तो दार ठोठावणारच, आणि त्याचं ठोठावणं उद्धट वाटलं तरी त्याची कळकळ खोटी नसते. आपल्याकडे गश्तीवर निघणाऱ्या जमातीतल्या साध्या माणसांच्या चेहऱ्यावर मी हीच कळकळ पाहिली आहे. फरक एवढाच की त्यांची दारं मुसलमानांचीच असतात.

पण या ठोठावण्यात एक भाषेचा घोटाळा होता. मी भाषेचा मास्तर, म्हणून तो मला लगेच दिसला. इंजीलमध्ये जो शब्द आहे तो 'गेहेन्ना'. मूळ हिब्रू 'गे-हिन्नोम', म्हणजे जेरुसलेमबाहेरची हिन्नोमची दरी. एके काळी तिथे लेकरांचे बळी दिले गेले होते. अरबीत त्याच कुळातला शब्द 'जहन्नम'. मराठीत मात्र मिशनऱ्यांनी 'नरक' घेतला. आता पुराणातला नरक हा मुदतीचा असतो. पापाचं फळ भोगलं की सुटका आणि पुढचा जन्म. पाद्री सांगत होते जन्मठेपेची गोष्ट, ऐकणाऱ्याच्या कानात पडत होती काही वर्षांची सजा. म्हणून 'सार्वकालिक' हा शब्द पुन्हा पुन्हा वापरावा लागला. आणि तो समजला की ऐकणाऱ्याच्या मनात पुढचा प्रश्न उभा राहणारच: मग आमचा आजा, पणजा कुठे आहे? त्याला तर तुम्ही भेटलाच नाहीत.

रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्मच मुंबईचा, 1847 चा. वडील इथेच मिशनरी होते. शिक्षण अमेरिकेत, येल आणि मग अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात. 1874 मध्ये ते नगरला आले आणि 1878 मध्ये त्यांनी तिथे देशी पाळक तयार करण्यासाठी धर्मशिक्षणाची शाळा सुरू केली. याच सुमारास अँडोव्हरच्या प्राध्यापकांनी एक विचार मांडला होता. ज्यांना या जन्मी ख्रिस्ताची ओळखच झाली नाही, त्यांना न्यायाच्या दिवसाआधी, मरणानंतर ती संधी मिळू शकेल, असा. कर्मठ मंडळी खवळली. अशी संधी असेल तर मिशनरी पाठवायचे कशाला, देणग्या द्यायच्या कशाला, हा त्यांचा सवाल. 1886 मध्ये ह्यूम रजेवर अमेरिकेत होते. अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात त्यांनी सांगितलं की असं मानण्याची मुभा असायला हवी, हिंदुस्थानात काम करणाऱ्याला तिचा आधार वाटतो. झालं! बोर्डाने त्यांना परत पाठवणं रोखून धरलं. त्या वर्षी डे मॉइन शहरात बोर्डाची वार्षिक सभा याच वादाने गाजली.

या माणसाने जन्म मुंबईत घेतला, संसार नगरात थाटला, आणि बॉस्टनचं कार्यालय त्याला विचारत होतं की नगरच्या लोकांचे आजेपणजे नक्की जळताहेत असं तू मानतोस ना? अखेर 1887 मध्ये परवानगी मिळाली आणि ते परतले. मग आयुष्याचा मोठा भाग नगरलाच गेला. शतकाच्या शेवटच्या मोठ्या दुष्काळात त्यांनी अनाथ मुलांसाठी आणि उपाशी लोकांसाठी काम केलं, त्याबद्दल सरकारने कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलं. म्हणजे मुभा मागणाऱ्याचा उत्साह कमी होतो, हा कर्मठांचा हिशेब इथे तरी चुकला. नगरकडे ख्रिस्ती झालेल्यांत महार-मांग समाजातली माणसं खूप होती. त्यांच्यासाठी नरक मरणापर्यंत थांबलेला नव्हता, तो गावाच्या वेशीवरच होता, असं मला वाटतं.

ना. वा. टिळकांना तर नरकाची भीती घालून कुणी आणलंच नाही. 1893 मध्ये रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी काव्यावर गप्पा मारल्या आणि नवा करार हातात दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने टिळक ओढले गेले. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ह्यूमसाहेबांच्याच शाळेत शिकवलं. (त्या प्रवचनातही गेहेन्नाचा उल्लेख आहे, पण तो परक्या धर्मवाल्यांसाठी नाही. भावाला 'मूर्खा' म्हणणाऱ्यासाठी आहे.)

हे वाचताना मला आपलं घर आठवलं. अँडोव्हरवाल्यांच्या साताठशे वर्षं आधी इमाम गझाली यांनी 'फैसलुत्तफ्रिका'मध्ये हा प्रश्न घेतला आहे. ज्यांच्यापर्यंत पैगंबरांचं (स.) नावच पोचलं नाही ते माफ. ज्यांना सारं नीट कळलं, तरी ज्यांनी पाठ फिरवली ते जबाबदार. आणि ज्यांच्या कानावर नाव पडलं, पण खोटंनाटं, विपर्यास करून, तेही पहिल्यांसारखेच माफ. रसूल पाठवल्याशिवाय अल्लाह अजाब देत नाही, हे तर कुरआनच्या सतराव्या सुऱ्यात आहे. पण आपल्या घराघरांत मरणानंतरच्या अजाबाची जी उर्दू पुस्तकं वाचली जातात त्यांत साप-विंचवांना पानंच्या पानं असतात. गझालींच्या तिसऱ्या गटाला एक ओळही नसते.

दुसऱ्या दिवशी मी हे त्या मुलीला तिला झेपेल तसं सांगितलं. ती हुशार. म्हणाली, "लेकिन सर, मावशी तो रोज अजान सुनते थे."

मी विचारलं, "अजानचा अर्थ त्यांना कुणी सांगितला होता का? तू, मी, तुझ्या अब्बांनी?"

तिने मान हलवली, नाही. मग थोड्या वेळाने विचारलं, त्यांच्यासाठी दुआ केली तर चालेल का. आलिम लोक यावर काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. मी मास्तर आहे, मुफ्ती नाही. मी तिला एवढंच म्हणालो की तुझी वेणी कोण घालायचं, हे अल्लाहला माहीत आहे. ती दप्तर उचलून गेली.