विखुरणाऱ्या कणांना एकत्र आणण्याचा इतिहास



बऱ्हाणपुरात इतिहासाचा विषय निघाला की मन साहजिकच कुंडी भंडाऱ्याकडे वळते. १६१५ च्या सुमारास सातपुड्याच्या उतारावर झिरपणारे पाणी कुंड्यांच्या मालिकेतून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले गेले. विखुरलेले एकत्र करून इष्ट स्थळी पोहोचविण्याचा असाच एक प्रश्न विसाव्या शतकातील भौतिकशास्त्रापुढे उभा राहिला. त्याचा इतिहास मी आज मांडू इच्छितो.

आयन म्हणजे विद्युतभारित अणू. त्यांचा तीव्र झोत एका बिंदूवर आणला, तर तेथील पदार्थ क्षणार्धात तापतो. परंतु सजातीय भार परस्परांना दूर लोटतात. झोत जितका दाट, तितका तो पसरू पाहतो. १९५२ मध्ये कूरंट, लिव्हिंगस्टन व स्नायडर यांनी एक मार्ग दाखविला. एक चुंबक झोताला आडवा आवळतो व उभा पसरवितो, पुढचा याच्या उलट करतो. अशा जोड्यांचा एकत्रित परिणाम आवळण्याचाच होतो.

१९७० च्या दशकाच्या मध्यास आल्फ्रेड माश्के व रोनाल्ड मार्टिन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी जड आयनांच्या झोताने इंधनाची गोळी तापवून अणुसंमीलन घडविण्याची कल्पना पुढे आणली. पदार्थात शिरलेला आयन आपली बरीचशी ऊर्जा प्रवासाच्या अखेरीस टाकतो. शिवाय त्वरक यंत्र वारंवार चालविता येते. सँडिया प्रयोगशाळेने मात्र हलक्या आयनांची वाट धरली. १९८५ मध्ये सुरू झालेल्या तिच्या प्रचंड यंत्रातील झोत हवा तितका एकवटेना. १९९६ मध्ये ते यंत्र वेगळ्या पद्धतीच्या प्रयोगांकडे वळविण्यात आले. पुढे २००५ मध्ये बर्कलीत झोताच्या मागील आयनांना पुढच्यांपेक्षा अधिक वेग देऊन तो प्लाझ्मातून सोडण्यात आला. प्लाझ्मातील इलेक्ट्रॉनांनी आयनांचे परस्पर लोटणे झाकले, आणि मागचे पुढच्यांना गाठू लागल्याने झोत ५० पटींहून अधिक दाटला.

५ डिसेंबर २०२२ रोजी लिव्हरमोर येथे २.०५ मेगाजूल ऊर्जा लक्ष्यावर टाकून ३.१५ मेगाजूल मिळाली. पण तो मान लेसरला गेला. मग आयनांची वाट वाया गेली काय? मला तसे वाटत नाही. मोठ्या ग्रहांच्या अंतर्भागातील दाट, तप्त द्रव्य प्रयोगशाळेत अभ्यासण्यास हेच झोत उपयोगी पडतात. जर्मनीतील डार्मस्टाट येथील फेअर प्रकल्पाचा भारत २०१० पासून संस्थापक सदस्य आहे. तेथील चुंबकांना वीज पुरविणारे अनेक कन्व्हर्टर भारतात घडले आहेत.

आपल्या शेजारच्या इंदूरला १९८४ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रात, आजच्या राजा रामण्णा केंद्रात, त्वरकांचे आणि लेसरने लक्ष्य तापविण्याचे काम चालते. ते कशासाठी, असा प्रश्न कर देणाऱ्या प्रत्येकाने जरूर विचारावा. मात्र उत्तर तपासताना केवळ पहिल्या उद्दिष्टाकडे न पाहता, वाटेत हाती आलेल्या ज्ञानाचाही हिशेब मांडावा, एवढेच माझे विद्यार्थ्यांना सांगणे आहे.