सुट्या गाडीची बखर

मोटारगाडी घरात दोन वाटांनी येते. एक वाट अंगणातून. गाडी चाकांवर येते, नारळ फुटतो, बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक निघतं आणि पुढची पाच-सात वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून हप्ता जातो. दुसरी वाट कुरियरवाल्याच्या पिशवीतून. ही गाडी पुठ्ठ्याच्या खोक्यात, तुकड्यातुकड्यांनी येते. तिला पेट्रोल लागत नाही, आर.टी.ओ. लागत नाही, विमा तर मुळीच लागत नाही. लागतो तो बारीक टोकाचा चिमटा, बरा चष्मा आणि सोशिक कुटुंब. पहिल्या गाडीचा इतिहास लिहायला जाडे जाडे ग्रंथकार बसलेले आहेत. ही बखर दुसरीची.

हिला खेळणं म्हणू नका. करणारे लोक दुखावतात. खेळण्यातली गाडी जोडलेली मिळते आणि लहान मुलं ती मोडतात. ही गाडी मोडलेली मिळते आणि मोठी माणसं ती जोडतात. हल्ली या खोक्यांवर 'मल्टिमीडिया किट' असा शब्द असतो. त्यावरून यात कॉम्प्युटर असेल, गाणी वाजत असतील, असा आपला समज होतो. तसं काही नसतं. मल्टिमीडिया म्हणजे अनेक जिनसा. गाडीचं वरचं अंग रेझिनचं, इंजिन कथील-शिशाच्या पांढऱ्या धातूचं, चाकांच्या रिमा लेथवर काढलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या, टायर रबराचे, जाळ्या आणि बकलं कागदासारख्या पातळ पितळी पत्र्याची, आणि सीटचे पट्टे कापडाचे. सगळं आहे, फक्त लोखंड नावाला. लोहा नावाच्या गावात राहून या गोष्टीचं वाईट वाटल्याशिवाय राहत नाही.

एवढ्या जिनसा एकमेकींना चिकटायच्या, तर प्लास्टिकचा साधा गोंद चालत नाही. फेविक्विक किंवा अ‍ॅराल्डाइट घ्यावं लागतं. फेविक्विकचा गुण असा, की ते गाडीला चिकटायच्या आधी बोटाला चिकटतं. सीटचा पट्टा तांदळाच्या दाण्याएवढ्या बकलातून ओवायचा. इंजिनाला वायरी लावायच्या. आणि एवढं करून शेवटी बोनेट लावलं, की ते इंजिन कोणाला दिसत नाही! पण ते आत आहे, हे जोडणाऱ्याला माहीत असतं. आमच्या बँकेत लेजर पैशापर्यंत जुळवून कपाटात ठेवायचे. ते उघडून कोण बघत होतं? तरी जुळेपर्यंत माणसं घरी जात नसत. सगळी गाडी जोडून एक स्क्रू हातात उरला, तर तो कुठे ठेवायचा हा प्रश्न तेवढा राहतो. बँकेत त्यासाठी सस्पेन्स खातं असतं. गाडीत नसतं.

पितळी पत्र्याची जाळी कशी करतात हे ऐकाल तर ओळखीचं वाटेल. पत्र्यावर प्रकाशाने घट्ट होणारं द्रावण लावायचं, त्यावर चित्राची निगेटिव्ह ठेवून उजेड द्यायचा, मग जिथे आवरण राहिलं नाही तिथला धातू रसायनाने खायचा. वर्तमानपत्रांचे जस्ताचे ब्लॉक याच रीतीने होत. दादासाहेब फाळके सिनेमाच्या नादी लागण्याआधी याच ब्लॉकांच्या धंद्यात होते. म्हणजे ही विद्या आपल्याला परकी नाही. फक्त तिच्यातून फेरारीची जाळी काढावी असं कोणाला सुचलं नाही, एवढंच.

आता स्केल. एक फुटाचा एक इंच केला की १:१२. अर्धा इंच केला की १:२४. हे सरळ आहे. १:४३ हे तिरपागडं माप आगगाडीच्या मॉडेलांकडून आलं. रुळांशेजारी उभ्या करायच्या मोटारी आगगाडीच्या मापाच्या हव्यात म्हणून. जपानच्या तामिया कंपनीचा रणगाडा १:३५ या मापाचा झाला, कारण आत मोटर आणि बॅटरी मावायला हव्या होत्या. पुढे जगभरचे रणगाडे त्याच मापाचे होऊ लागले. मोठमोठ्या प्रमाणांच्या मुळाशी अशी बॅटरी असते.

आपल्याकडे स्केल निराळ्या तत्त्वावर ठरतं. दिवाळीतला किल्ला आठवा. मावळा बुरुजापेक्षा उंच, वाघ मावळ्यापेक्षा उंच, आणि महाराज या सगळ्यांहून उंच. ज्याचा मान मोठा त्याचं माप मोठं. यात चूक काही नाही. पण या हिशेबाने मोटार करायला घेतली तर ड्रायव्हरपेक्षा मालक दुप्पट होईल आणि दार लागणार नाही. मापात राहून जीव ओतणारी माणसं मराठीतही झाली. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ साली उघडलं. तिथे गाड्या सिग्नल बघून थांबतात. खऱ्या गाड्यांच्या तिथे वेळाही पाळतात, असं म्हणायचा मोह होतो, पण तो आवरलेला बरा.

प्लास्टिकच्या किटांची गंगोत्री शोधत गेलं, तर लोह्याच्या माणसाची छाती फुगेल अशी गोष्ट सापडते. इंग्लंडची एअरफिक्स ही या धंद्यातली थोरली पाती. १९४९ साली तिने पहिलं मॉडेल केलं, ते ना विमानाचं, ना रेसच्या मोटारीचं. ते होतं फर्ग्युसन ट्रॅक्टरचं! फर्ग्युसनच्या विक्रेत्यांना गिऱ्हाइकाला दाखवायला नमुना हवा होता. मग तोच नमुना सुट्या भागांत लोकांना विकायला काढला, म्हणजे जोडणावळ वाचली. गिऱ्हाइकाकडूनच काम करून घ्यायचं आणि वर पैसे घ्यायचे, ही युक्ती तिथून रूढ झाली; पुढे आम्हा बँकवाल्यांनी ती ए.टी.एम.च्या रूपाने उचलली. त्याच फर्ग्युसनचे वंशज आज आमच्या रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या ओढतात, आणि त्यांच्या मागे अडकलेल्या एस.टी.तल्या कोणालाही आपण इतिहासाच्या मागे अडकलो आहोत याची कल्पना नसते.

ट्रॅक्टरवरून स्पोर्ट्स कारवर यायला फार वर्षं लागली नाहीत. इटलीत तुरिन गावी पोचर नावाची कंपनी होती. ती छोट्या आगगाड्यांचं सामान करी. १९६६च्या सुमारास तिने १९०७च्या रेसमधल्या फियाटचं १:८ मापाचं किट काढलं. मागोमाग अल्फा रोमिओ आली, रोल्स रॉइस आली. रोल्सच्या खोक्यात दोन हजारांवर भाग! अल्फाच्या चाकांचे स्पोक एकेक करून हाताने ओवायचे. ज्याने सायकलवाल्याला चाकाचा आउट काढताना पाहिलंय त्याला हे समजेल. इकडचा स्पोक ताणला की चाक तिकडे जातं, तिकडचा ताणला की इकडे. आणि इथे अशी चाकं चार, वर स्टेपनी.

इथे एखादा गृहस्थ म्हणेल, "अहो, हे साहेबलोकांचे रिकामटेकडे छंद. आपला काय संबंध?" संबंध असा आहे, की आपल्या देशात मोटारीच खोक्यातून आल्या. १९२८ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला कारखाना काढला. कारखाना म्हणजे काय, तर तिकडून शेवरोलेचे भाग पेट्यांत बांधून यायचे आणि इथले कामगार ते जोडायचे. फोर्डचंही मुंबईत तेच चाललं होतं. याला मोटारवाल्यांच्या भाषेत सी.के.डी. म्हणतात, म्हणजे पार मोडून बांधलेली. जहाजात जागा कमी लागते, अख्ख्या गाडीपेक्षा सुट्या भागांवर जकात कमी, आणि मजुरी इथली स्वस्त. शिवडीचं ते शेड म्हणजे १:१ स्केलचं किट जोडायची जागा. चिकटवायला फेविक्विक नव्हतं, एवढाच फरक.

त्याच जनरल मोटर्सने १९३० सालापासून अमेरिकेतल्या पोरांसाठी मॉडेलांची स्पर्धा चालवली. आधी नेपोलियनच्या काळची घोड्यांची बग्गी करायची, पुढे स्वतःच्या कल्पनेतली मोटार, १:१२ मापाची. बक्षीस म्हणजे कॉलेजची शिष्यवृत्ती. ही स्पर्धा १९६८पर्यंत चालली आणि तिच्यातली कित्येक पोरं पुढे मोटारींचे आराखडे करू लागली. पाहा कशी वाटणी झाली! तिकडच्या पोरांना सांगितलं, मनातली गाडी कर. इकडच्या बाप्यांना सांगितलं, पेटीतली गाडी जोड.

नुसती जोडून भागणार नाही, हे ओळखणारा माणूस सोलापूरचा होता. वालचंद हिराचंद. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या निघाल्या. त्याही अमेरिकन किटांतूनच. पण हळूहळू भाग इथे करायचे, हा बेत होता. १९५३ साली सरकारनेही तेच बजावलं, भाग इथे करा नाहीतर निघा. आणि जनरल मोटर्स व फोर्ड दोघी निघाल्या. प्रीमियर राहिली, फियाट ११०० करू लागली, आणि तिचीच पुढे पद्मिनी झाली.

मात्र एक गोष्ट राहून गेली, ती साच्याची. किटवाल्यांना विचारा, खोक्यात काय नसतं? साचा नसतो. भाग मिळतात, नकाशा मिळतो, साचा मालकाकडे राहतो. किंवा मालकाला त्याचा कंटाळा आला, की मग मिळतो. ही फियाट इटलीत १९६६ साली बंद झाली. मुंबईत ती पुढे तीस-पस्तीस वर्षं निघत राहिली, आणि पद्मिनीची शेवटची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली ती २०२३च्या ऑक्टोबरात. कलकत्त्याच्या बाजूला इंग्रजांची मॉरिस ऑक्सफर्ड अ‍ॅम्बॅसडर होऊन २०१४पर्यंत चालली. गंमत म्हणजे खेळण्यांतही तेच. इंग्लंडच्या नामांकित डिंकी मोटारींचे वापरून झालेले साचे १९६८च्या सुमारास कलकत्त्याला आले आणि त्यांतून 'निकी टॉइज' निघाली. म्हणजे बापाच्या अंगावर साहेबाचा जुना कोट आणि पोराच्या अंगावर साहेबाच्या पोराचा!

आणि जपानी काय करत होते? तामियांची मूळची लाकडाची वखार, शिझुओका गावी. १९५१ साली आग लागून माल खाक झाला. मग लाकडी मॉडेलांवर जोर दिला, तर अमेरिकेचं प्लास्टिक येऊन ती बसली. १९६० साली स्वतः प्लास्टिकचं जहाज काढलं, त्यात घाटा आला. आमच्या बँकेत असा अर्ज आला असता तर तो कुठे गेला असता, हे मी सांगत नाही. पण गडी डगमगला नाही. सत्तरच्या दशकात तामियांना पोर्श या स्पोर्ट्स कारचं १:१२चं मॉडेल करायचं होतं. फोटोंनी समाधान होईना, म्हणून त्यांनी खरीखुरी पोर्श ९११ विकत घेतली आणि कारखान्यात तिचा नट-बोल्ट सुटा केला. मापं घेऊन झाली, आणि मग ती गाडी काही केल्या पुन्हा जोडता येईना! शेवटी पोर्शचे तंत्रज्ञ बोलावून ती जोडून घेतली. १९७६ साली ते मॉडेल बाजारात आलं आणि जगभर गेलं.

या गोष्टीला लोक हसतात. मला मात्र तिच्यात आपलं आणि त्यांचं अंतर मोजून दिसतं. दुसऱ्याने मोडून दिलेली गाडी आपण पन्नास वर्षं नीट जोडत होतो. त्यांनी नीट असलेली गाडी स्वतः मोडली. जोडणाऱ्याला गाडी कळते, पण मोडणाऱ्याला साचा कळतो. पुढे आपणही स्पोर्ट्स कार केल्या. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सॅन स्टॉर्म आली, फायबरग्लासची, दोन माणसांची. २०१२ साली दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत मुंबईच्या दिलीप छाब्रियांची अवंती दिसली. दोन्हींचं रूप देखणं, आणि दोन्हींच्या पोटात फ्रान्सच्या रेनोचं इंजिन. बोनेट लावलं की इंजिन दिसत नाही, हे मघाशी सांगितलंच.

तरी निराश होण्याचं कारण नाही. ज्वारी निघाली की आमच्या बाजूची पोरं धाटाची गाडी करत. सोललेल्या धाटाचा सांगाडा, सालीच्या काड्यांचे खिळे, आसाला बाभळीचा काटा, चाकं जुन्या चपलेच्या रबराची आणि दांड्याला तार. चार-पाच जिनसा झाल्या की नाही? या मल्टिमीडिया किटला खोकं नव्हतं, नकाशा नव्हता, साचाही नव्हता. चाक कमी-जास्त झालं तर पोरगं ते दाताने कुरतडून सारखं करी, आणि गाडी चाले.

हल्ली माळेगावच्या जत्रेत बॅटरीच्या, दिव्यांच्या, भोंग्याच्या तयार मोटारी मिळतात. पोरगं ती घरी नेतं आणि संध्याकाळपर्यंत तिचे पाच तुकडे करतं. त्याला धपाटा घालायला बापाचा हात उठतो. अशा बापांना माझं एकच सांगणं आहे. हात जरा आवरा. पोराने तुकडे नुसते फेकून दिले तर खुशाल घाला धपाटा. पण ते मांडी घालून, आत मोटर कुठे बसते ते निरखत असेल, तर त्याला एक पेचकस आणून द्या.