नानौतवी, मौलाना मुहंमद कासिम

नानौतवी, मौलाना मुहंमद कासिम : (१८३३—१५ एप्रिल १८८०). हनफी पंथाचे धर्मपंडित आणि देवबंद येथील दारुल उलूमचे संस्थापक. जन्म सहारनपूर जिल्ह्यातील नानौता या कसब्यात. आरंभीचे शिक्षण नानौता, देवबंद व सहारनपूर येथे झाले. पुढे दिल्ली कॉलेजात अरबी शिकविणारे मौलाना मम्लूक अली त्यांना दिल्लीस घेऊन गेले. शाह अब्दुल गनी मुजद्दिदी यांच्याकडे त्यांनी हदीसचे अध्ययन केले. रशीद अहमद गंगोही हे त्यांचे सहाध्यायी. दोघेही सूफी हाजी इमदादुल्लाह यांचे मुरीद (शिष्य).

पोटासाठी त्यांनी छापखान्यात मुद्रितशोधन केले आणि ते अखेरपर्यंत सोडले नाही. दिल्लीच्या मतबा-ए-अहमदीत असताना अहमद अली सहारनपुरी यांच्या सहीह बुखारी च्या आवृत्तीतील शेवटच्या भागाच्या टीपा त्यांनी पूर्ण केल्या. १८५७ च्या उठावात शामलीच्या लढाईत ते होते, असे देवबंदी चरित्रकार सांगतात. तिच्यातील त्यांच्या वाट्याविषयी इतिहासकारांत मात्र मतभेद आहेत.

३० मे १८६६ रोजी देवबंदच्या छत्ता मशिदीत, डाळिंबाच्या झाडाखाली, दारुल उलूमचा मदरसा सुरू झाला. शिक्षक एक, मुल्ला महमूद. पहिल्या विद्यार्थ्याचे नावही महमूद. हेच पुढे ‘शेखुल हिंद’ महमूद हसन म्हणून प्रसिद्धीस आले. वर्गणीची झोळी प्रथम फिरविली ती हाजी आबिद हुसेन यांनी. कासिम तेव्हा मेरठच्या छापखान्यात होते. त्यामुळे संस्थापक कोण, हा वाद निघतो. तरी संस्थेला घडण दिली ती कासिम यांनीच. त्यांनी घालून दिलेल्या आठ नियमांत (उसूल-ए-हश्तगाना) एक अजब वाटावा असा आहे : मदरशाला जोवर ठाम उत्पन्न नाही तोवर तो चालेल, जहागीर, कारखाना किंवा एखाद्या अमिराचे वचन मिळाले, की ईश्वरावरचा भरवसा जाईल आणि आपसांत भांडणे लागतील. सरकारी मदतही त्यांनी अपायकारक ठरविली. दिल्लीतील जुनी विद्याकेंद्रे नवाबी-बादशाही आश्रयासह कोसळताना पाहिलेल्या माणसाचा हा हिशेब होता. गावातील घरांनी विद्यार्थ्यांना जेवू घालावे, ज्याला जमेल त्याने थोडे द्यावे, यावर कारभार चालला. ठरावीक अभ्यासक्रम, वार्षिक परीक्षा, पगारी शिक्षक, छापील अहवाल ही रीत मात्र इंग्रजी धर्तीच्या कॉलेजांची. घरी वा मशिदीत एका गुरूपाशी शिकण्याच्या परंपरेत ती नव्हती. मदरशातून स्वतः त्यांनी वेतन घेतले नाही.

वादविवादातही त्यांचा दबदबा होता. शाहजहानपूरजवळच्या चांदापूर येथे १८७६ व १८७७ मध्ये भरलेल्या ‘खुदाशनासी’च्या मेळ्यांत त्यांनी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी वाद केला, दुसऱ्या मेळ्यात स्वामी दयानंद सरस्वतीही होते, ज्यांनी दोनच वर्षांपूर्वी मुंबईत आर्यसमाज स्थापला होता. मुसलमानांवरील मूर्तिपूजेच्या आरोपाला उत्तर म्हणून लिहिलेला किब्लानुमा हा ग्रंथ दयानंदांच्याच आक्षेपांतून निघाला. सर सय्यद अहमद खान यांच्याशी झालेला पत्रव्यवहार तसफियतुल अकाइद मध्ये आहे. मतभेद तीव्र असूनही कासिम वारल्यावर सर सय्यद यांनी त्यांच्यावर अत्यंत आदराने लिहिले.

पैगंबरत्वाच्या समाप्तीची चर्चा करणाऱ्या तहजीरुन्नास मधील काही विधानांवरून अहमद रजा खान बरेलवी यांनी १९०६ मध्ये मक्का-मदिनेच्या उलेमांकडून त्यांच्याविरुद्ध फतवा मिळविला. देवबंदी उलेमांच्या मते ती विधाने संदर्भ तोडून वाचली गेली. देवबंदी-बरेलवी दुहीत हा मुद्दा अजून धगधगता आहे.

वयाच्या सत्तेचाळिशीतच, देवबंद येथे त्यांचे निधन झाले. दारुल उलूमचे पदवीधर त्यांच्यावरून आपल्या नावापुढे ‘कासमी’ लावतात.