एकादशीच्या ताटातले परदेशी पाहुणे

गेल्या आषाढी एकादशीची गोष्ट. पुण्याहून आमच्याकडे रिफाला आलेल्या आईने आदल्या रात्रीच साबुदाणा भिजत घातला होता. नेमका त्याच आठवड्यात माझ्या रक्तातल्या साखरेचा अहवाल काठावर आला होता आणि डॉक्टरांनी साबुदाणा जपून खायला बजावले होते. शेजारच्या दिल्लीच्या भाभींनी उपाय सुचवला, "कुट्टू का आटा लीजिए, नवरात्रात आम्ही तेच खातो." आईने मान हलवली. "अरे, ते कुट्टू-बिट्टू आपलं नाही. आपल्या उपासाला साबुदाणाच."

'आपलं' म्हणजे नक्की काय, हा किडा माझ्या डोक्यात शिरला तो तेव्हापासून.

मंडळी, खिचडीची बशी समोर घ्या आणि एकेक घटक तपासा. बटाटा पेरूच्या डोंगरातला, मिरची मेक्सिकोकडची, शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो, तोही ब्राझीलकडचाच. कोलंबस अमेरिकेला पोहोचला १४९२ साली आणि ज्ञानेश्वर माऊलींनी समाधी घेतली १२९६ साली. म्हणजे माऊलींच्या एकादशीला यातले काहीच नव्हते! बशीत जुने उरले ते जिरे, तूप आणि मीठ.

साबुदाण्याची कथा तर त्याहून अलीकडची. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी १८८० च्या दशकात कसाव्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. साबुदाणा मात्र मलाया, जावा या भागांतून येत असे. १९४२ साली जपानने हा मुलूख जिंकला आणि आयात थांबली. तेव्हा १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलम भागात कसाव्यापासून साबुदाणा करण्याचा उद्योग उभा राहिला. आज आपल्या डब्यातला साबुदाणा बहुतेक तिकडचाच असतो.

आता कुट्टूकडे येऊ. इंग्रजीत त्याला बकव्हीट म्हणतात, पण गव्हाशी त्याचे काही नाते नाही. ते गवताच्या कुळातलेच नाही. त्याचे दाणे तिकोनी असतात. म्हणूनच उत्तर भारतात ते 'धान्य' न धरता उपासाला चालते. आपल्या राजगिऱ्याचेही तसेच आहे, आणि तोही मूळचा मेक्सिकोकडचाच. गंमत म्हणजे आपली वरई मात्र चक्क गवतवर्गातली, तरीही ती आपल्याला चालते.

कुट्टूचे मूळ घर नैर्ऋत्य चीन. तिथून ते हिमालयात, जपानमध्ये आणि रशियापर्यंत गेले. जपानी लोक त्याच्या 'सोबा' शेवया करतात, तर रशियन लोक त्याचा भात करतात. फ्रेंचांनी त्याला 'साराझँ' म्हटले, म्हणजे सारासेनांचे, अरबांकडचे! इथल्या हायपरमार्केटमधल्या पाकिटावर मात्र अरबीत 'हिन्ता सौदा' लिहिलेले असते, म्हणजे 'काळा गहू'. थोडक्यात, ज्याच्या दारी गेले त्याने त्याला दुसऱ्याचे ठरवले.

आरोग्याचा हिशेब सरळ आहे. १०० ग्रॅम कुट्टूत सुमारे १३ ग्रॅम प्रथिने आणि सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. साबुदाण्यात प्रथिने एक ग्रॅमही नाहीत, बाकी जवळजवळ सगळा स्टार्च. कुट्टूत ग्लुटेन नसते, रुटिन नावाचे उपयुक्त द्रव्य असते. पण पुऱ्या तळून खाल्ल्या तर फायदा तेलात गेला म्हणून समजा! काहींना कुट्टूची ॲलर्जीही असते. शिवाय पीठ ताजेच घ्यावे. जुन्या, खराब पिठाने विषबाधा झाल्याच्या बातम्या उत्तर भारतात नवरात्रात येत असतात.

शेतीच्या दृष्टीने हे पीक गरिबाचे. हलक्या जमिनीत, फारशा खताशिवाय अडीच-तीन महिन्यांत तयार होते. दाट वाढून तण दाबते आणि त्याच्या फुलांवर मधमाश्या जगतात. मात्र फुलोऱ्यात ऊन सोसत नाही, म्हणून ते डोंगराळ थंडीतच रमते. हिमाचलातल्या किन्नौरमध्ये त्याला ओगला आणि फाफरा म्हणतात. तिथेही सफरचंदाच्या बागांपुढे त्याची शेते आक्रसत गेली आहेत. आपल्या सह्याद्रीच्या उतारांवरच्या वरईचे दुखणेही असेच. खाणारे घटले की पेरणारे घटतात.

हे सगळे मी आईला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे माझ्या खिचडीत आपलं फक्त मीठ?" मी म्हटले, "तूपही आहे, आई!"

कार्तिकीला पुण्याहून तिचा फोन आला. वरई आणि कुट्टूचे पीठ निम्मे-निम्मे घेऊन तिने थालीपीठ लावले होते. "जरा चिकट होतं," ती म्हणाली, "पण बटाटा किसून घातला की बसतं. आणि हो, तुझी साखर किती आली?"

साखर उतरली होती. पण खरे सांगायचे तर, त्या दिवशी मला थालीपिठाचीच आठवण जास्त आली.